शेपूट मोकळं आहे

१

आमच्या घरात बाथरूम एकच आहे आणि माझा धाकटा भाऊ रोज सकाळी त्यात मुक्कामाला जातो. आत काय करतो देव जाणे. मी खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर येरझाऱ्या घालतो, घड्याळ बघतो, मग दारावर थाप मारून ओरडतो, "अरे, निघतोस का बाहेर? विमान काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

आतून ठरलेलं उत्तर येतं. "दोन मिनिटं, दादा!"

त्या दोन मिनिटांत माझी अंघोळ, दाढी आणि नाश्ता होऊन वर एक डुलकीही झाली असती. त्याचं हळूराव हे नाव मीच पाडलं आणि पुढे ते घरादाराने उचललं. आम्ही दोघंही विमानतळावर मेकॅनिक, एकाच पाळीत, एकाच टोळीत. तो कामाला लागला त्या दिवशी आईने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुझ्या भरवशावर पाठवतेय. नीट घरी आणत जा त्याला." तेव्हापासून सकाळी मी त्याला घेऊन जातो आणि संध्याकाळी घेऊन येतो. मधल्या वेळात त्याच्यावर ओरडतो.

मोठ्या विमानाच्या शेपटीत एक छोटं इंजिन असतं. ते विमान उडवत नाही. विमान जमिनीवर उभं असताना वीज द्यायची, आत गार हवा सोडायची आणि पंखांखालची मोठी इंजिनं सुरू व्हायला वारा पुरवायचा, एवढंच त्याचं काम. आम्ही त्याला एपीयू म्हणतो. धाकटा त्याला थोरली सून म्हणायचा. राबायचं तिने आणि नाव मिरवायचं दुसऱ्यांनी.

ते सुरू करतात कॉकपिटमधून. डोक्यावर बटणांची फळी असते. आधी बॅटरी चालू करायची, आगीची घंटा वाजते ना ते तपासायचं, मग एपीयूचा खटका वळवायचा. तिकडे शेपटीत हवेची झडप उघडते. ती उघडली की स्टार्टचं बटण दाबायचं. लांब मागे एक बारीक शीळ सुरू होते, चढत जाते, आणि फळीवर हिरवा दिवा लागतो.

पण बटण दाबण्याआधी वरच्याने हेडसेटवर खाली विचारायचं असतं, "शेपूट मोकळं?" आणि खाली शेपटीपाशी उभा असलेला माणूस बघून सांगतो, "शेपूट मोकळं आहे." कारण शेपटीच्या पोटाला दोन दारं आहेत. दुरुस्तीला गेलेला माणूस शिडीवर चढून कंबरेपर्यंत त्या दारांतून आत जातो. तो आत असताना वर कोणी बटण दाबलं तर काय होईल, हे आम्ही एकमेकांना कधी सांगत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून आमच्या टोळीत टोपीचा नियम आहे. लिहिलेल्या नियमाप्रमाणे खटक्याला लाल पट्टी बांधायची असते, आणि आम्ही बांधतोही. पण पट्ट्या सगळ्या सारख्या. कोणी बांधली, कोणी सोडली, पत्ता लागत नाही. तेव्हा शेपटीत जाणारा माणूस आपली टोपी काढून एपीयूच्या खटक्यावर अडकवतो आणि मग खाली जातो. काम झालं की त्याने स्वतः वर येऊन ती उचलायची. साहेबाने हात लावायचा नाही, कॅप्टनने नाही, सख्ख्या भावानेही नाही. ज्याचं डोकं त्याची टोपी.

२

त्या उन्हाळ्यात एका विमानाच्या थोरल्या सुनेने डोकं खाल्लं. विमान सकाळी यायचं आणि दुपारी जायचं. रिकामं असताना एपीयू गुणी बाळासारखं चालायचं. प्रवासी बसले, दारं लागली, की शीळ उतरायची आणि सगळं बंद. दिवे जायचे, हवा जायची. बाहेर डांबर वितळेल असं ऊन आणि आत माणसं सूचनापत्रकांनी वारा घेत आमच्या नावाने खडे फोडताहेत.

आमच्या साहेबांना आम्ही घाईसाहेब म्हणतो. त्यांच्याकडे एक वॉकीटॉकी आहे आणि एकच प्रश्न. "अजून किती वेळ?" मी म्हणायचो, बघतोय साहेब. ते म्हणायचे, बघतोय म्हणजे किती वेळ?

आम्ही झडप बदलली. तेलाचा दाब मोजणारा भाग बदलला. तारा तपासल्या, पुन्हा तपासल्या. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. दोष दिसला असता तर दोन हात करता आले असते. इथे प्रत्येक तपासणीत सगळं ठीक आणि प्रत्येक दुपारी सगळं बंद. मला रागाने जेवण जाईना. धाकटा मात्र शिडीवर चढून शांतपणे नट सोडवत, पुसत, गाणं गुणगुणत बसायचा, आणि ते बघून मी आणखी पेटायचो.

अशाच एका दुपारी एपीयू पुन्हा सुरू करून बघायचं होतं. धाकटा खाली शेपटीपाशी, मी वर. मी विचारलं, "शेपूट मोकळं?"

"शेपूट मोकळं आहे," हेडसेटमध्ये तो म्हणाला. आणि त्याच्या पाठोपाठ, श्वासभर अंतराने, पुन्हा एकदा, "शेपूट मोकळं आहे."

"एकदा सांगितलं तरी कळतं मला," मी खेकसलो.

"एकदाच सांगितलं, दादा," तो म्हणाला.

३

आवाज दोनदा येणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. तार जुनी झाली, जोडणीत ओल शिरली, की आपलाच आवाज फिरून परत येतो. मी हेडसेट बदलला. मग तार बदलली. मग दुसऱ्या विमानावर चांगला चालणारा संच आणून लावला. दुसरा आवाज तिथेच होता.

तो धाकट्याचाच होता, यात शंका नाही. लहानपणापासून ऐकलेला आवाज मी ओळखणार नाही तर कोण? फरक एवढाच की त्यात घाई होती. धाकट्याचं वाक्य कसं, शब्द एकेक करून चपला घालून बाहेर पडतो. हा मात्र सगळं वाक्य एका दमात बोलून मोकळा व्हायचा.

पुढे पुढे तो आवाज पाठोपाठ येईना. तो धाकट्याच्या बरोबरीने येऊ लागला. मग आधी. मी विचारायचो, "शेपूट मोकळं?" आणि लगेच उत्तर, "शेपूट मोकळं आहे." मी बटणाकडे हात न्यायचो तोवर खालून निवांत आवाज यायचा, "थांब हां दादा, बघतो... हं, शेपूट मोकळं आहे."

मी घाईसाहेबांना सांगितलं की इंटरकॉममध्ये गडबड आहे, विमान एक दिवस उभं ठेवा, सगळी वायरिंग उघडून बघू. ते म्हणाले, "एपीयूचा दोष सापडेना म्हणून आता इंटरकॉमवर घसरलात? नाचता येईना अंगण वाकडं!" माझ्या तोंडावर आलं होतं की साहेब, एकदा त्या शिडीवर चढून नाचून दाखवा. पण नोकरी करायची होती. गिळलं.

एके दिवशी तर मी तोंडही उघडलं नव्हतं. नुसता हेडसेट कानाला लावला, विचारायला श्वास घेतला, आणि उत्तर आलं.

४

त्यानंतरच्या दुपारची गोष्ट. प्रवासी यायला अवकाश होता. धाकटा वर कॉकपिटमध्ये आला होता. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून बाटलीतलं पाणी पीत होता. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. ते हात तो वाटेतल्या प्रत्येक दाराला, पडद्याला, खुर्चीला पुसत यायचा आणि मी रोज त्यावरून बोलायचो. त्या दिवशीही दाराच्या पांढऱ्या चौकटीवर त्याचा पंजा उमटला होता.

"कापड दिलंय ना तुला? पुसायला काय होतं?"

"पुसतो रे, दादा."

हेडसेट माझ्या मांडीवर पडला होता. त्यातून बारीक पण अगदी स्पष्ट आवाज आला.

"शेपूट मोकळं आहे, दादा. लाव."

धाकट्याने बाटली खाली घेतली. आम्ही दोघंही त्या हेडसेटकडे बघत राहिलो. मग तो हसला. "हा तर मीच की!"

"खाली कोण आहे?"

"कोणी नाही. हेडसेट शिडीला टांगून आलोय."

मी खिडकीचं तावदान सरकवून मान बाहेर काढली. कॉकपिटमधून स्वतःच्या विमानाची शेपटी कधी दिसत नाही, हे माहीत असूनही काढली. मागे हेडसेटमधून पुन्हा तोच आवाज आला. "लाव, दादा. मोकळं आहे."

धाकट्याचं हसू आता उतरलं होतं. तो आवाजाकडे कान देऊन बसला, आरशात आपला चेहरा निरखावा तसा. "मी असा बोलतो? इतका उतावीळ?"

"तू आयुष्यात कशाला उतावीळ झालेला नाहीस," मी म्हणालो.

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग नेहमीच्या संथपणाने, एकेक शब्द जागेवर ठेवत म्हणाला, "दादा, आता एक कर. आवाजावर जाऊच नकोस. मी काही म्हणालो, नाही म्हणालो, सोडून दे. टोपीवर जा. मी स्वतः वर येऊन, तुझ्या डोळ्यांसमोर माझी टोपी उचलेन. तेव्हाच बटणाला हात लाव."

इतका वेळ मी डोकं आपटत होतो आणि तोड त्याने एका घोटात काढली. मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. आवाजाची फसवाफसवी होऊ शकते, माणसाची कशी होईल?

५

दोनच दिवसांनी एपीयू पुन्हा बंद पडलं, या वेळी प्रवासी चढायच्या आधीच. प्रवासी गाडीतून निघाले होते, घाईसाहेब वॉकीटॉकीवर फुटत होते. धाकटा नवा भाग घेऊन वर आला, टोपी खटक्यावर अडकवली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेला. टोपीच्या आत त्याने शाईने आपलं टोपणनाव लिहिलं होतं. मीच पाडलेलं.

मी हेडसेट काढून समोरच्या सुकाणूच्या दांड्याला टांगून ठेवला. आवाजावर जायचं नव्हतं. रिकाम्या विमानात पंखे बंद असले की फार शांत असतं. उन्हाने पत्रा कुठेतरी तटतटत होता. कपाळावरचा घाम भुवयांत उतरत होता.

"अजून किती वेळ?" वॉकीटॉकी.

"भाग बसवतोय, साहेब."

"बसवतोय म्हणजे किती वेळ?"

मी वॉकीटॉकीचा आवाज बारीक केला आणि मनातल्या मनात धाकट्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ज्या माझ्याही होत्या. तेवढ्यात मागच्या वाटेवर पावलं वाजली. भराभर, जवळजवळ पळत. पडदा सरकला. धाकटा आत आला, माझ्या खांद्यावरून हात घालून त्याने टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि शेजारच्या खुर्चीत बसला.

"मोकळं आहे, दादा. लाव."

"आज सूर्य कुठून उगवला?" मी म्हणालो. खरंच आनंद झाला होता मला. मी लाल पट्टी सोडली, खटका वळवला. झडप उघडल्याचा दिवा लागला. बोट स्टार्टच्या बटणावर ठेवलं.

तेव्हा त्याचे हात दिसले. मांडीवर ठेवलेले, स्वच्छ, कोरडे. दाराच्या चौकटीवर परवाचा पंजा होता तसाच होता, नवा डाग एकही नव्हता.

"तू हात कधी..."

"धुतले."

मी वाक्य पुरं केलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. तो समोर बघत होता, काचेतून, गाडीतून उतरणाऱ्या प्रवाशांकडे.

दांड्याला टांगलेल्या हेडसेटमधून लांबचा, धापा टाकणारा, ओढत ओढत येणारा आवाज आला. "दोन मिनिटं, दादा. नट जरा घट्ट बसलाय. दोनच मिनिटं."

मी बोट काढलं. मी आवाजावर जायचं नाही असं ठरलं होतं. टोपी त्याने माझ्यासमोर उचलली होती. सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. मी शेजारी पाहिलं. त्याने मान वळवली आणि म्हणाला, "लाव ना."

मी खुर्चीतून उठलो, त्याचे गुडघे ओलांडले आणि पळत सुटलो. जिन्याच्या मधल्या पायरीवर असताना मागे, शेपटीत, शीळ सुरू झाली.

पुढच्या चाकापाशी एक लाल बटण असतं, खालच्या माणसाला एपीयू बंद करता यावं म्हणून. मी त्यावर मूठ मारली. शीळ थांबली नाही, उतरू लागली. फिरणारी गोष्ट एकदम थांबत नसते. मी विमानाखालून पळत गेलो, पंखाखालून, पोटाखालून, तोंडाने काय ओरडत होतो मला आठवत नाही.

शिडी जागेवर होती. हेडसेट तारेला लोंबत होता. मी चढलो आणि विजेरी आत मारली. आतली जागा ती केवढी! इंजिन बसवून उरते ती हात फिरवण्यापुरती. मागे भिंत आहे, पत्र्याची, तिला ना दार ना खिडकी. त्या भिंतीपाशी, इंजिनाच्या पलीकडच्या अंधारात, मला बुटांचे दोन तळवे दिसले. डाव्या टाचेला त्याने मागच्या महिन्यात डिंकाने चिकटवलेला तुकडा होता. ते तळवे आत सरकत होते, सावकाश, थोडे थोडे, जिथे सरकायला जागाच नव्हती तिथे.

मग तिथे भिंत होती.

खांद्यावर हात पडला. "काय झालं, दादा?" शिडीवर, माझ्या खालच्याच पायरीवर धाकटा उभा होता. टोपी डोक्यावर. "मोकळं आहे म्हटलं होतं ना मी?"

६

मी सगळं उघडायला लावलं. पत्रे काढले, झडप काढली. रक्ताचा थेंब नाही, कापडाचा दोरा नाही. नवा भाग अर्धाच बसवलेला होता आणि पाना नटावर तसाच अडकलेला होता. विचारलं तर तो म्हणाला, विसरलो. एपीयू कोणी सुरू केलं? मीच, म्हणाला. मोकळं होतं.

घाईसाहेब आले. "काय शोधतोयस?"

"माझा भाऊ."

"तो काय तुझ्यामागे उभा आहे!"

माणूस हरवला तर तक्रार करता येते. हरवलेला माणूस शेजारी उभा राहून स्क्रू हातात देत असेल तर कुठल्या दारात जायचं? सगळे म्हणाले ऊन लागलं. मला घरी बसवलं. मीही मनाला तेच सांगून पाहिलं. उन्हाने भ्रम होतात, होतात ना? झोप नव्हती, जेवण नव्हतं, डोक्यावर साहेब नाचत होते. असं रोज सांगायचो आणि रोज संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याचे हात बघायचो. स्वच्छ असायचे.

थोरली सून त्या दिवसापासून एकदाही बंद पडली नाही. घाईसाहेब खूश. आमची ही पण खूश. "भाऊजी किती सुधारले," म्हणाली. "अंघोळ काय पटकन, जेवण काय पटकन. नाहीतर तुम्ही! चांगलं झालेलं बघवत नाही तुम्हाला." मी आईकडे पाहिलं. ती त्याला वाढत होती. तो ताटावर बसला की आई हल्ली त्याच्या तोंडाकडे बघत राहते. नंतर भांडी पुसताना एकदाच म्हणाली, "हाक मारायच्या आधी ओ देतो रे हा." आणि पुसलेलंच भांडं पुन्हा पुसायला लागली.

तिने मला नीट घरी आणायला सांगितलं होतं. मी कोणाला आणलं?

कामावर परत जायच्या दिवशी सकाळी मी टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूमपाशी गेलो. दार आतून लावलेलं होतं. आत पाण्याचा आवाज नव्हता, कसलाच नव्हता. मला इतकंच हवं होतं की थाप मारावी, ओरडावं, आणि त्याने मला ताटकळत ठेवावं. अर्धा तास ठेव, एक तास ठेव, तुला हवा तेवढा वेळ ठेव. मी हात उचलला. दाराला लागलाही नव्हता.

"मोकळं आहे, दादा," आतून तो म्हणाला.

७

त्या दिवशी घाईसाहेबांनी फेरबदल सांगितला. धाकट्याचा हात जलद आहे, तेव्हा यापुढे कॉकपिटमध्ये तो बसेल. मी खाली शेपटीला. मी म्हणालो, साहेब, वर मला राहू द्या, खाली दुसरा कोणी द्या. ते म्हणाले, "धाकट्या भावाचं बरं झालेलं पचत नाही वाटतं?" घरी ही तेच म्हणते, इथे साहेब तेच म्हणतात. मी कोणाकोणाशी डोकं फोडू?

काम साधं होतं. तेल बघायचं, एक झाकण घट्ट करायचं. मी वर गेलो, टोपी काढली आणि खटक्यावर अडकवली. तो खुर्चीत बसला होता, हात मांडीवर. मी म्हणालो, "मी स्वतः येऊन उचलेपर्यंत हात लावायचा नाही. नियम माहीत आहे ना?"

"आहे," तो म्हणाला. माझं वाक्य अजून चालू होतं.

मी खाली आलो. ऊन तसंच होतं. प्रवाशांची गाडी लांबून येताना दिसत होती. हेडसेट कानाला लावला, शिडी चढलो, आत डोकं घातलं. तेलाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास. झाकण समोरच होतं. दोन वळसे दिले असते तर काम झालं असतं.

"दोन मिनिटं, दादा."

हेडसेटमधून नव्हे. समोरून, भिंतीच्या बाजूने, अगदी दबलेला आवाज आला. त्याला अजिबात घाई नव्हती. इतके दिवस आत असूनही तो अजून दोनच मिनिटं मागत होता.

राग आला मला. डोळ्यांत पाणी आलं आणि राग आला. "गाढवा," मी म्हणालो, "निघ बाहेर! किती वेळ लावशील?" आणि खांद्यापर्यंत हात आत घातला, इंजिनाच्या पलीकडे, जिथे भिंत असते तिथे. पत्रा लागला नाही. हात जात राहिला. मी शिडीची वरची पायरीही चढलो, छातीपर्यंत, मग कंबरेपर्यंत आत गेलो, तरी हात जातच होता.

मग बोटांना बोटं लागली. चिकट, तेलाने माखलेली, कोमट. त्यांनी माझी बोटं धरली. सावकाश, एकेक करून.

कानात हेडसेट खरखरला. वरून धाकट्याच्या आवाजात प्रश्न आला.

"शेपूट मोकळं?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. त्याच्या आधीच उत्तर गेलं होतं. आवाज माझाच होता, नेहमीसारखा वैतागलेला.

"मोकळं आहे रे. लाव लवकर."

समोर झडप उघडली. मी हात सोडला नाही.